कोलकात्यात कपाशीच्या काड्या

स्वस्तात प्रवास कसा करावा या विषयावर जीवराम नानांनी मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले होते की प्रत्यक्ष प्रवास केला नसता तरी चाललं असतं. पण निवृत्त माणसाला नुसतं कळून भागत नाही, गल्लीला करूनही दाखवावं लागतं. नानांनी पाटबंधारे उपविभागात आवक-जावकच्या टेबलावर तेहतीस वर्षं काढली. त्या टेबलावरून त्यांनी हजारो कागद दिल्लीपर्यंत पाठवले. स्वतः मात्र धुळ्याबाहेर शिर्डी, वणी आणि एकदा कोर्टात साक्ष द्यायला नाशिक, एवढेच गेले. तेव्हा त्यांनी देवपुरातल्या त्यांच्या गल्लीत जाहीर केलं की आता आपण पाठीवरच्या एका पिशवीत भारत पाहणार.

योजना ऐकून गल्ली चाट पडली, आणि पडण्यासारखीच होती. पहिला टप्पा कोलकाता. सकाळी सातला उतरायचं, दिवसभर शहर पाहायचं आणि संध्याकाळी साडेसातच्या गाडीनं पुरीला निघायचं. लॉज नाही, खोली नाही. "रात्री माणूस लॉजवर काय करतो? झोपतोच ना? मग गाडीत झोपावं!" असं नाना म्हणत, आणि म्हणताना असे बघत की हा शोध सरकारनं अजून दाबून कसा ठेवला. पुरीहून पुढं विशाखापट्टणम, तिथून हैदराबाद. परतीच्या वाटेवर कोलकाता नव्हतंच. त्या शहराच्या वाट्याला आयुष्यातले साडेबारा तास आले होते आणि त्यात नानांनी अकरा ठिकाणं बसवली होती.

मंजुळाबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं, ती अकरा ठिकाणांची यादी शांतपणे वाचली आणि कागद परत दिला. "मला ती नदीच्या खालून जाणारी गाडी दाखवा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

हावडा स्टेशनाखालून मेट्रो निघते आणि भरलेल्या नदीच्या तळाखालून पलीकडं जाते, हे त्यांनी फोनवर पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तेच होतं. त्यांचंही बरोबर होतं. आमच्या धुळ्याच्या पांझरा नदीला आठ महिने वरून जा की खालून जा, पाय ओले होत नाहीत. वर होड्या-बोटींसकट अख्खी नदी आणि खाली आपण, डोक्यावर पदर घेऊन, कोरडे ठणठणीत. हे एकदा अंगावरून जायला हवं होतं त्यांना. नानांनी छत्तीस वर्षांत बायकोच्या प्रत्येक मागणीवर "बघू" असा शेरा मारला होता. या मागणीवर त्यांनी प्रथमच "मंजूर" म्हटलं आणि यादीत सगळ्यात वर लाल शाईनं मेट्रो लिहिली. स्टेशनाच्या पोटातच मेट्रो, उतरलं की बसायचं. यात काय बिघडणार होतं?

निघायच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळेला, समोरच्या घरातले लोटनआबा आले. पंच्याहत्तरीचे आबा रिकाम्या हातानं कधी आले नाहीत, आणि भीती त्याचीच असते. एका हातात पोतडी होती. तिच्यात बारा हिरवी वांगी, एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढं. दुसऱ्या काखेत कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा होता, चांगला चार फूट लांब आणि जुन्या लुगड्यात आवळून बांधलेला.

"जीवराम, तू जाईच राहिना ना, मंग एवढं मनी आंडेरले लई जा," आबा म्हणाले.

आंडेर म्हणजे त्यांची मुलगी हेमांगी. ती कोलकात्यात सॉल्ट लेकला कंपनीत होती. वांग्यांचं नाना समजू शकत होते. हिवाळ्यात खानदेशातून माणूस परगावी निघाला आणि त्याच्याबरोबर भरिताची वांगी निघाली नाहीत, तर लोक त्या माणसाच्या घरी काही वाईट तर झालं नाही ना, अशी चौकशी करतात. पण काड्या?

"आबा, तिच्याकडे गॅस असेल की."

आबांनी नानांकडे असं पाहिलं की नानांना आपण चपला घालून देवघरात शिरलो असं वाटलं. "गॅसवर भाजेल भरीतले काय चव ऱ्हास? काड्यासवर भाज म्हना तिले. मना वावरन्या काड्या शेतस त्या!"

खानदेशात भरीत काड्यांवरच भाजतात, त्यात वाद नाही. वरून आबा महिनाभर नानांच्या घराची किल्ली सांभाळणार होते, तुळशीला पाणी घालणार होते. तेवढ्यात कोपऱ्यावरचे प्रेमराज सर आले. सर सदतीस वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर कोलकात्याला जाऊन आल्यामुळं त्या शहराचे गल्लीतले अधिकृत जाणकार होते. "काही नाही हो नाना, हावड्याला क्लोक रूम आहे. टाकला भारा तिथं की तुम्ही मोकळे," ते म्हणाले. नानांनी तो सल्ला मानला. सल्ला देणारा मागं धुळ्यात राहतो आणि घेणारा पुढं जातो, हा सल्ल्यांमधला मूळ दोष त्यांच्या ध्यानात आला नाही.

प्रवासाचं फार सांगत नाही. धुळ्याहून जळगावला येताना एसटीच्या कंडक्टरनं "नाना, तिकडे सरपण मिळत नाही का?" असं विचारलं आणि अख्खी गाडी हसली. रेल्वेत तो भारा बर्थखाली मावेना, म्हणून नानांनी तो रात्रभर बगलेत घेऊन झोप काढली. झोप कसली, कूस बदलली की काडी बरगडीत टोचायची. पाठीवरच्या एका पिशवीत भारत पाहायला निघालेला माणूस नागपूरपर्यंत लाकूडतोड्या झाला होता.

हावड्याला गाडी वेळेवर पोचली. या संपूर्ण दिवसात वेळेवर झालेली ही एकच गोष्ट.

क्लोक रूमच्या रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर खिडकीतल्या बाबूनं भाऱ्याकडे बोट केलं. "इसका ताला किधर?"

कुलूप लावलेलंच सामान घ्यायचं असा नियम होता. नाना चिडले नाहीत. नियम म्हटला की त्यांना घरच्यासारखं वाटे. ते बाहेर गेले आणि सायकलची साखळी आणि कुलूप विकत घेऊन आले. मंजुळाबाईंनी भारा उभा धरला, नानांनी दोन फेरे देऊन साखळी आवळली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. काड्या इतक्या सुरक्षित आबांच्या वावरातही कधी नव्हत्या. परत रांग, परत अर्धा तास.

"भीतर क्या है?" बाबूनं विचारलं.

खोटं बोलायचं नाही, हे नानांचं तत्त्व होतं. बोलता येत नव्हतं म्हणून ते तत्त्व झालं होतं. "लकड़ी. जलाने का," ते अभिमानानं म्हणाले.

"जलने वाला चीज़ नहीं रखेगा. नेक्स्ट!"

तेहतीस वर्षं नानांनी खिडकीच्या आतल्या बाजूनं "हे इथं होत नाही" म्हटलं होतं. खिडकीच्या बाहेरून ते कसं ऐकू येतं, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. ते बाजूला झाले. चेहरा लाल झाला होता. "मला आधी सांगायचं होतं त्यानं, कुलूप घ्यायच्या आधी," ते पुटपुटले. मंजुळाबाई म्हणाल्या, "आता मेट्रोकडं चला. भारा घेऊनच बसू." त्यांच्या आवाजात अजून उत्साह होता. घड्याळात दहा वाजले होते.

मेट्रोच्या दारात सामान तपासायचं यंत्र. वांग्यांची पोतडी आत गेली आणि पडद्यावर बारा गोल गोल काळे गोळे देठासकट उमटले. पहारेकरी ताठ झाला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पोतडी उघडली, एक वांगं बाहेर काढून हातात तोललं गेलं. "इतना बड़ा बैंगन!" तिसरा कौतुकानं म्हणाला आणि नानांची छाती फुगली. देशात कुठंही जा, आमच्या वांग्याला मान आहे. मग त्यांची नजर भाऱ्यावर गेली.

"ये?"

"बैंगन भूनने का."

"दादा, इधर बैंगन भूनेगा?"

"इधर नहीं, सॉल्ट लेक में!"

मागची रांग थांबली होती. कुणीतरी बंगालीत काहीतरी बोललं आणि लोक हसले. नानांनी निवृत्तिवेतनाचं ओळखपत्र काढून दाखवलं. ते कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. संकटात माणूस देवाचं नाव घेतो तसं ते होतं. पहारेकऱ्यानं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं, आदरानं परत केलं आणि निकाल दिला. "बैंगन जाएगा. लकड़ी नहीं जाएगा."

बाहेर फुटपाथवर येऊन नानांनी हेमांगीला फोन लावला. ती बिचारी खूश झाली. "काका, तुम्ही कशाला एवढ्या लांब येता? तिथंच थांबा, मी मेट्रोनंच येते एक वाजता." एक वाजता फोन आला की मीटिंग लांबली, तीन वाजता येते. मधल्या वेळात नानांनी बसचा प्रयत्न केला, कंडक्टरनं भारा बघून दार लावून घेतलं. पिवळ्या टॅक्सीवाल्यानं भाऱ्यासकट न्यायचं कबूल केलं, पण आकडा ऐकून नानांनी कानांवर हात ठेवले. टॅक्सी हा शब्द त्यांच्या योजनेत नव्हता.

"अहो, टाकून द्या ना त्या," मंजुळाबाई शेवटी म्हणाल्या. "आबांना काय कळतंय?"

नानांनाही तसंच वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला. आबाच.

"जीवराम, काड्या दिन्यात का? टाकू नको हां कोठे! बठ्ठा गल्लीले सांगेल शे मी, जीवराम काड्या लई गया म्हनीसन!"

झालं. आता त्या काड्या राहिल्या नव्हत्या, नानांची अब्रू झाल्या होत्या. ते भारा मांडीवर घेऊन स्टेशनाच्या भिंतीला टेकून बसले. समोर एक चहावाला, बाजूला एक पंक्चर झालेली हातगाडी, मागं भिंत. मेट्रोचं दार उजवीकडच्या वळणापलीकडं, इथून न दिसणारं. यादीतली अकरा ठिकाणं एकेक करून वेळेबाहेर जाऊ लागली. नानांनी ती कागदावर खोडलीही, व्यवस्थित, पट्टी लावून. लाल शाईतली एक ओळ तेवढी ठेवली.

दोन वाजता मंजुळाबाई उभ्या राहिल्या. सकाळपासून त्यांनी एक शब्द वाकडा काढला नव्हता, आणि नाना याच गोष्टीला घाबरत होते.

"मी जाऊन येते."

"कुठं?"

"नदीखाली."

"एकटी?" नाना दचकले. "तुला हिंदी येत नाही. बंगाली तर नाहीच नाही. आपण जोडीनं जाऊ, हेमांगी येऊन जाऊ दे. नाहीतर असं करतो, मी आधी जाऊन पाहणी करून येतो, मग..."

मंजुळाबाईंचा धीर तिथं सुटला. त्या चिडल्या की शहरातली मराठी मागं पडते आणि माहेर बोलायला लागतं. "तुम्ही बठा आठेच, काड्या सांभाळत! छत्तीस वरीस 'जोडीनं जाऊ' म्हनीसन मी घरमाच ऱ्हायनू. संध्याकायले गाडी शे. आज नही गयी ते कधी जासू मी?"

चहावाल्यानं आधण ढवळायचं थांबवलं. भाषा कळली नव्हती, मजकूर कळला होता. नानांनी दहा रुपयांची नोट पुढं केली आणि बारा सूचना दिल्या. दाराला टेकू नको, अनोळखी माणसाशी बोलू नको, पलीकडं उतरलीस की लगेच त्याच गाडीत परत बस, असल्या. मंजुळाबाई पाचव्या सूचनेलाच वळून निघाल्या होत्या.

जायला दहा मिनिटं, यायला दहा, वर पाच. अडीच वाजता नानांनी घड्याळ पाहिलं. पावणेतीन. तीन. तीनला हेमांगीचा फोन आला की आता सहा नक्की. साडेतीन. मंजुळाबाईंचा फोन नानांच्याच खिशात होता, सकाळी सुरक्षित राहावा म्हणून त्यांनीच मागून घेतला होता. उठून शोधायला जावं तर भारा कुणाकडे द्यायचा? घेऊन जावं तर दारात अडवणार. नानांच्या डोळ्यांसमोर काय काय येऊ लागलं. ही चुकून भलत्याच गाडीत बसली असेल, नदीखाली वीज गेली असेल, कुणीतरी फसवलं असेल.  गल्लीला काय सांगायचं हा विचार पहिल्यांदाच मागं पडला होता, आणि पहिल्यांदाच त्यांना खरी भीती वाटत होती. साडेचारला त्यांनी भारा चहावाल्याच्या बाकाला त्याच सायकलच्या साखळीनं कुलूप लावून बांधला आणि मेट्रोच्या दाराकडे जवळजवळ पळत गेले.

"वो मेरी मिसेस... हरी साडी..."

सकाळचाच पहारेकरी. तो हसला. "आंटी? आंटी तो अभी फिर अंदर गया. तीसरा बार!"

नाना तिथंच उभे राहिले. तीन वेळा! आपल्यापासून पन्नास पावलांवर ही बाई वर आली, स्वतःच्या बटव्यातून पुन्हा तिकीट काढलं आणि पुन्हा खाली गेली? नवऱ्याला तोंडही न दाखवता? काळजी ओसरली तशी तिच्या जागी जो राग आला तो भारतीय रेल्वेच्या कुठल्याही डब्यात मावला नसता.

मंजुळाबाई साडेपाचला आल्या. हातात शेंगदाण्यांचा कागद, केसांना वारा लागलेला.

"काय झालं होतं? कुठं होतीस? मी इथं..."

"पहिल्यांदा भीतीनं डोळेच मिटले," मंजुळाबाई सांगू लागल्या. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता. "उघडले तोवर नदी संपली. पाऊण मिनिटाची तर आहे! मग काय, इतक्या लांब येऊन डोळे मिटून परत जायचं? पलीकडं एक बाई भेटली. ती म्हणाली, आधी वरून नदी पाहा, म्हणजे खालून कळेल. मग आम्ही दोघी बोटीतून नदी ओलांडून आलो. केवढी नदी हो! आणि दुसऱ्यांदा खालून गेले तेव्हा डोळे उघडे ठेवले. निळे दिवे लागतात. त्या बोटी सगळ्या आता आपल्या डोक्यावर आहेत असं म्हटलं आणि अंगावर काटाच आला."

"आणि तिसऱ्यांदा?" नानांनी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"तिसऱ्यांदा तुमच्या वाटणीचं गेले," त्या म्हणाल्या आणि शेंगदाणे पुढं केले.

यावर रागावायचं कसं, याचा कुठल्याही व्हिडिओत उलगडा नव्हता. नानांनी दोन शेंगदाणे घेतले.

हेमांगी पावणेसातला धावत आली, दोघांच्या पाया पडली. वांगी पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नानांनी चहावाल्याच्या बाकाचं कुलूप उघडून तिच्या पुढ्यात भारा ठेवला, पदक ठेवावं तसा.

"हे काय, काका?"

"काड्या. आबांच्या वावरातल्या."

हेमांगीचा चेहरा कसनुसा झाला. "काका, मी चौदाव्या मजल्यावर राहते. उदबत्ती जास्त लावली तरी धुराची घंटा वाजते. आणि मेट्रोत काड्या घेऊ देत नाहीत हो."

"ते मला," नाना एकेक शब्द चावत म्हणाले, "सकाळी दहापासून माहीत आहे."

मग हेमांगीनं काड्यांचा भारा हातात धरून हसऱ्या चेहऱ्यानं फोटो काढला आणि आबांना पाठवला. वांगी घेतली, काकूंना मिठी मारली. काड्या चहावाल्यानं घेतल्या. नानांनी विचारलंही नाही, त्यानंच हात पुढं केला. दिवसभर तो त्या भाऱ्याकडे बघतच होता. त्यानं लगेच चार काड्या मोडून शेगडीत सारल्या. चांगल्या पेटल्या. आमची कपाशी.

"वीस मिनिटं आहेत," मंजुळाबाई म्हणाल्या. "पळत जा, एक फेरी मारून या."

नानांनी मेट्रोच्या दाराकडं पाहिलं. कचेऱ्या सुटल्या होत्या, रांग रस्त्यापर्यंत आली होती. "नको. गाडी चुकेल," ते म्हणाले आणि पाठीवर पिशवी चढवून प्लॅटफॉर्मच्या दिशेनं चालू लागले. हलकं वाटत होतं. त्याचंही वाईट वाटत होतं.

पुरीच्या गाडीत बसतात न बसतात तोच आबांचा फोन आला. फोटो पोचला होता, गल्लीभर फिरला होता, प्रेमराज सरांनीही पाहिला होता. आबांचा आवाज भरून आला होता. "जीवराम, तुना उपकार व्हयनात भाऊ! आते सांग, कोलकाता कसं शे?"

नानांनी तोंड उघडलं. क्लोक रूमची खिडकी त्यांना सांगता आली असती. स्टेशनाची एक भिंत तर विटांसकट सांगता आली असती. त्यांनी तोंड मिटलं आणि फोन बायकोच्या हातात दिला. "हिला विचारा. ही फिरली."

मंजुळाबाई पाय वर घेऊन ऐसपैस बसल्या. "आबा, आयका," त्यांनी सुरुवात केली, "पह्यले ते मी डोयाच मिटी लिन्हात..." गाडी हलली. नाना त्यांच्या जवळ सरकले आणि कान देऊन ऐकू लागले. कोलकाता कसं आहे, हे त्यांनाही समजून घ्यायचं होतं.